सी-टाईम (समुद्रावरच्या नोकरीचा काळ) कशावर मोजायचा? शिपवरचं पोस्टिंग की समुद्रातले खरे दिवस?

खारा_वारा:
सरळ मुद्दा मांडतो, शिव्या नंतर घाला. नेव्हीत 20 वर्षं काढलेल्या दोघांच्या छातीवर 9 वर्षांचं आणि 20 वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल अगदी सारखंच असतं, मग एकाने त्यातली निम्मी वर्षं डिस्ट्रॉयरवर काढलेली असोत आणि दुसरा बहुतेक काळ किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये रजिस्टर भरत बसलेला असो. त्यात आपल्याकडे किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजांसारखंच आयएनएस म्हणतात, आयएनएस शिवाजी तर लोणावळ्याला डोंगरात आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला काही पत्ताच लागत नाही. कॅनडाच्या नेव्हीत सी सर्व्हिस इन्सिग्निया म्हणून बिल्ला आहे, तो समुद्रात काढलेल्या दिवसांवर मिळतो, 365 ला ब्राँझ, 730 ला सिल्व्हर, 1095 ला गोल्ड. बघितलं की कळतं माणूस किती दर्या फिरलाय. बिल्ला असाच हवा आणि भत्ताही लॉगबुक (जहाजाची रोजची नोंदवही) बघूनच द्यावा. शिप जेट्टीला बांधलेली आणि सेलर घरी जेवायला, त्याला कसला आलाय समुद्राचा पैसा?

डॉकयार्ड_कट्टा:
घरी जेवायला म्हणे. 14 ऑगस्ट 2013 ला सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईत डॉकयार्डातच फुटली ना, 18 जण गेले. जानेवारी 2022 ला रणवीर युद्धनौकेवर स्फोट झाला, तीन सेलर गेले, तीही हार्बरमध्येच आणि ती तर पूर्व किनाऱ्यावरून डेप्लॉयमेंटवर (कामगिरीवर) आलेली शिप. जुलै 2024 ला ब्रह्मपुत्रा ही शिप रिफिटमध्ये (मोठ्या दुरुस्तीत) असताना आग लागून एका बाजूला कलंडली, त्यातही एक पोरगा गेला. तुमच्या लॉगबुकात त्या दिवशीचे सी-डेज किती? शून्य. सांगा आता.

खारा_वारा:
भाऊ, या घटना कोणी विसरलेलं नाही. पण दारूगोळा आणि इंधन भरलेल्या शिपवर राहण्याचा धोका ही एक गोष्ट आणि महिना महिना किनारा न बघणं ही दुसरी. दोन्हींना एकच नाव देऊन एकाच खात्यात टाकलं की खरा समुद्रावर गेलेला मागे राहतो एवढंच म्हणणं आहे.

सीडीसी_होल्डर:
मर्चंट नेव्हीवाला आहे, मध्ये बोलतो. आमचा सी-टाईम साईन ऑन ते साईन ऑफ, म्हणजे जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत, शिक्का सीडीसीत (खलाशाच्या नोंदवहीत). मधले पोर्टमधले दिवसही त्यातच, जहाज नांगर टाकून अँकरेजला पडून असलं तरी मी बोर्डवरच आहे ना. परीक्षेला बसताना तोच सी-टाईम दाखवायचा. म्हणजे ज्या धंद्यात सी-टाईमशिवाय पान हलत नाही तिथेसुद्धा प्रोपेलर किती दिवस फिरला ते कोणी बघत नाही. फरक एवढाच की आमच्यातल्या बहुतेकांचा साईन ऑफ झाला की पगार बंद. ते चालेल का नेव्हीवाल्यांना?

छोटी_शिप:
एवढं सगळं लिहिताय पण मूळ घोळ तासांचा आहे तो कोणी बोलतच नाही. सी गोइंग अलाउन्ससाठी (समुद्रात जाण्याच्या भत्त्यासाठी) आधी सलग 12 तास समुद्रात पाहिजे अशी अट होती, आता तुम्हीच विचार करा छोट्या शिपवर आम्ही पहाटे जेट्टी सोडायची, बाहेर जाऊन पेट्रोलिंग नाहीतर फायरिंग, पावसाळ्याच्या तोंडावर तर शिप अशी हलते की पोटात काही टिकत नाही, आणि 10 तासांनी परत, म्हणजे हिशोबाला काहीच नाही, आणि मोठी शिप रात्रभर शांत पाण्यात फिरून आली तर तिचं धरलं जाणार. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 ला ती अट 4 तासांवर आणली, रेटही ऑफिसरला 10,500 आणि सेलरला 6,000 महिना झाला (पुढे डीए म्हणजे महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर त्यात 25 टक्के वाढ). बरं झालं. पण आता साडेतीन तासांत परत आलेल्याने काय पाप केलं? तुम्ही रेघ कुठेही मारा, कोणीतरी बरोबर तिच्या अलीकडे राहणारच.

कोकणकडा:
आणि लाट ऑफिसर बघून हलकी लागते का हो? 10,500 आणि 6,000, बोट तीच उलटी तीच. सियाचीनलाही 2017 ला तेच, 42,500 आणि 30,000. विषय थोडा वेगळा आहे, माहितीये.

सेलरची_बायको:
आमच्या ह्यांची शिप वर्षभर रिफिटला होती. तुमच्या हिशोबाने ते वर्ष "घरचं". दर तीन-चार दिवसांनी ड्यूटी वॉचला रात्र बोर्डवर, उरलेल्या दिवशी वेल्डिंगच्या धुरात काम करून यायचे ते काळेनिळे, एसी बंद, पाणी बंद. सेलिंगवर असताना निदान जेवण वेळेवर मिळतं असं तेच म्हणायचे. पोस्टिंग शिपवर आहे तर माणूस शिपचाच आहे, मोजायचं काय त्यात?

दीपस्तंभ_72:
वहिनींचं पटतं, आणि खारा_वाराचंही अर्धं पटतं. अमेरिकन नेव्हीत करिअर सी पे आहे, तो एकूण किती वर्षं सी ड्यूटी केली त्यावर वाढत जातो, शिप बंदरात असली तरी तिच्यावर पोस्टेड माणसाला मिळतो. ब्रिटिशांचं आणखी वेगळं, लाँगर सेपरेशन अलाउन्स, म्हणजे घरापासून लांब किती काळ काढला त्याचे पैसे. पैशासाठी हे दोन्ही मला ठीक वाटतात कारण घरखर्च शिपच्या शेड्युलवर वरखाली होऊन चालत नाही, पोरांची फी दर महिन्याला तेवढीच असते. बिल्ला मात्र दिवसांवर द्या. त्याने कोणाचं पोट भरत नाही, तर निदान तो खरं तरी बोलू दे. पाणबुडीवाल्यांचा डॉल्फिनचा बिल्ला बघा, बोटीवर क्वालिफाय झाल्याशिवाय मिळत नाही आणि एकदा मिळाला की त्यावर कोणी वाद घालत नाही.

मार्वे_बीच:
शेड्युल सेलरच्या हातात असतं का? ड्राफ्ट (बदली) कुठे निघेल, शिप नेमकी कधी रिफिटला जाईल, हे नशीब. कोणाला एडनच्या आखाताचं डेप्लॉयमेंट मिळतं, कोणी डॉकमध्ये सडतो. आणि बायकांचं काय? महिला सेलर्सची भरतीच 2022 ला अग्निवीरमधून सुरू झाली, महिला ऑफिसर्स वॉरशिपवर जायला लागल्या त्यालाही फार वर्षं झाली नाहीत. त्याआधी 15-15 वर्षं सर्व्हिस केलेल्या बाईच्या छातीवर रिकामी जागा ठेवणार तुम्ही आणि वर म्हणणार बिल्ला खरं बोलतो?

खारा_वारा:
गोव्याहून निघून तारिणीवर 2017-18 ला सहा महिला ऑफिसर्स पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, 254 दिवस, 17 मीटरची शिडाची बोट. मला तर वाटतं दिवस मोजले तर सगळ्यात आधी अशांचं भलं होईल. ज्यांना शिपवर जाऊच दिलं नाही त्यांच्यावर अन्याय झाला हे कबूल, पण तो पाठवायला उशीर केला म्हणून, मोजलं म्हणून नाही.

मार्वे_बीच:
सहा जणींचं उदाहरण देऊन बाकीच्या शेकडो जणींना गप्प करू नका.

डॉकयार्ड_कट्टा:
आणि रिफिटवाल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

खारा_वारा:
घ्या उत्तर. रिफिट आणि हार्बरमधल्या धोक्याचा वेगळा भत्ता काढा, हवं तर समुद्रापेक्षा जास्त द्या, माझी ना नाही. फक्त त्याला सी गोइंग म्हणू नका.

छोटी_शिप:
वेगळा भत्ता म्हणजे पुढच्या वेतन आयोगापर्यंत फाईल फिरणार. तोवर वहिनींच्या घरी काय पाठवायचं, बिल्ला?