चर्चा: प्राध्यापकाचं तोंड नेमकं बंद कोण करतं?

तासिकावाली: उपनगरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. आठवं वर्ष. गेल्या सत्रात आरक्षणावर तास चालू होता. पहिल्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाइल रेकॉर्डिंग करत होता. दोन दिवसांनी केबिनमधून बोलावणं. कुणी ओरडलं नाही. चहा दिला, आणि एवढंच, "मॅडम, पुढच्या वर्षीचं वर्कलोड अजून ठरायचंय हं." घरी येऊन नोट्समधली दोन पानं मीच काढून टाकली. बंदीबिंदी लांब राहिली. दरवर्षी नव्याने नेमणूक असली की माणूस आपणहून गप्प बसतो.

अंधेरी_लोकल: वाईट वाटलं. पण आमचे इतिहासाचे सर चांगले पर्मनंट होते. पाऊण तास सरकारला शिव्या, आणि आम्ही पास झालो झेरॉक्सवाल्याच्या नोट्सवर! पगार आमच्या करातून. वर्ग म्हणजे शिवाजी पार्क नव्हे. घटनेचं 19(1)(अ), म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, सगळ्यांना आहे, प्राध्यापकांना वेगळं कशाला?

निवृत्त_मास्तर: तुमचे सर कामचुकार होते, तो विषय निराळा. 2010 आठवा. मुंबई विद्यापीठात एसवायबीएच्या इंग्रजीला रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी होती. शिवसेनेच्या विद्यार्थी सेनेने तक्रार केली, प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी तातडीचे विशेष अधिकार वापरून ती भर सत्रात काढली. लावली होती विषयातल्या माणसांनी, काढायला लावली रस्त्याने.

अंधेरी_लोकल: म्हणजे तक्रारच करायची नाही?

निवृत्त_मास्तर: करा की! पेपरात झोडपा कादंबरीला. मी चांगले मार्क दिले असते. (दिलेतही.)

तासिकावाली: मास्तर, तुम्ही पर्मनंट होतात म्हणून दिलेत. जून 2024 मध्ये देवनारच्या टिसच्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) सगळ्या कॅम्पसांतल्या मिळून 55 अध्यापकांना करार वाढवणार नसल्याची पत्रं गेली. दोनेक दिवसांत मागे घेतली, आणि मुद्दा टाटा ट्रस्टच्या अनुदानाचा होता, मतांचा नव्हे, हे मान्य. पण नोकरी एका पत्रावर टांगलेली असताना वर्गात नावडतं कोण बोलेल?

अंधेरी_लोकल: हे पटलं. तरी आमच्या सरांचं काय करायचं ते सांगा.

तासिकावाली: विभागप्रमुखांनी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसावं. बाटलीला टेकवलेला मोबाइल नको.