भार वाढला की नेटवर्क ड्रायव्हरची पाठवणी अडकते: रीसेट पुरेसा आहे का?

प्रश्न:
लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलेला आमचा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) एरवी सुरळीत चालतो, पण भार वाढला की कधीतरी पाठवणीची रांग थांबते आणि काही सेकंदांनी वॉचडॉग (पाठवणी अडकली का यावर नजर ठेवणारी कर्नलमधील यंत्रणा) टाइमआउटचा इशारा देतो. कार्ड रीसेट केल्यावर काम पुन्हा सुरू होते. एवढ्यावर विसंबून राहावे का?

उत्तर १:
राहू नये. दोष बहुधा रांग थांबवण्याच्या क्रमात असावा. रिंग (पाठवायच्या पॅकेटांची ठरावीक जागांची वर्तुळाकार यादी) भरली असे पाहून ड्रायव्हर रांग थांबवायला जातो, नेमक्या त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर पाठवून झालेल्या पॅकेटांची आवराआवर पूर्ण होते, आणि रांग अजून थांबलेली न दिसल्यामुळे तिला कोणी जागे करत नाही. त्यानंतर पूर्णतेची एकही सूचना येणार नसेल तर ती तशीच अडकून राहते. म्हणून रांग थांबवल्यावर मेमरी बॅरियर (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणारी सूचना) घालून रिकामी जागा पुन्हा तपासावी आणि जागा असल्यास रांग लगेच सुरू करावी. आवराआवरीच्या बाजूलाही जुळणारा बॅरियर हवा.

उत्तर २:
निदान पटते. डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वाचता यावी म्हणून तिचा पत्ता जोडून देणे) फसल्याची तपासणी प्रत्येक ठिकाणी होते का, हेही पाहावे. ही वाट क्वचितच चालली जाते, त्यामुळे तिच्यातील चुका लपून राहतात. फॉल्ट इंजेक्शनने, म्हणजे चाचणीत मुद्दाम अपयश घडवून, त्या बाहेर काढता येतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फेरतपासणी जोडतो. मग रीसेट काढून टाकावा का?

उत्तर १:
मुळीच नाही, हार्डवेअरही अडकू शकते. फक्त रीसेट वर्कक्यूमधून (कामे नंतर करण्यासाठी असलेल्या कर्नलच्या रांगेतून) करावा, कारण टाइमआउटचे फंक्शन चालते त्या संदर्भात झोपण्याची (थांबून वाट पाहण्याची) मुभा नसते, आणि रीसेटमध्ये तशी गरज पडू शकते.