मदत हवी आहे: टॅबलेटवरचा 'ऑपरेशननंतरचा' चेहरा आणि एक सही

मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. भाची २२ वर्षांची. लहानपणी चहाचं आधण सांडलं, उजव्या गालापासून मानेपर्यंत व्रण आहे, मान वळवली की कातडी ओढते. म्हणून मिरजेला प्लास्टिक सर्जनना दाखवलं.

तिथे फोटो काढला आणि एआयने दोन मिनिटांत 'नंतरचा' चेहरा टॅबलेटवर दाखवला. व्रण गायब. जवळ घेऊन पाहिलं तर हनुवटीवरचा तीळही गायब, नाक बारीक, आणि पोरगी चांगली दोन छटा गोरी! नाकाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं हो. भाजल्याचा व्रण पुसट होतो, पुरता जात नाही, हे डॉक्टरच म्हणाले. मग हे चित्र कशाला? भाची मात्र ते मोबाईलमध्ये घेऊन दिवसभर बघत बसते.

दुसरं, संमतीपत्र इंग्रजीत. ऑपरेशनच्या सहीतच एक ओळ: फोटो सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणासाठी वापरू. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात मराठीत माहिती मागण्याची आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय आहे. पण एकदा यंत्र त्या चेहऱ्यावरून शिकलं, की ते विसरणार कसं?

ती ओळ खोडून कुणी सही केली आहे का? दवाखान्याने ऐकलं का, की तोंड वाकडं केलं? आणि ते चित्र केसपेपरला लावून मागावं का, की उगाच वाद होईल? शनिवारी परत बोलावलंय.