पाच वाचक, पाच मतं: कथेचं पुनर्लेखन कुठून सुरू करायचं?

कच्चा_खर्डा
४२०० शब्दांची कथा, दुसरा खर्डा. पाच जणांना वाचायला दिली. दोघांना सुरुवात रेंगाळलेली वाटली, एकाला शेवट पटला नाही, एकीच्या मते नायिकेची बहीण काढूनच टाकावी आणि पाचव्याला नेमकी तीच सगळ्यांत आवडली. सगळ्यांचं ऐकलं तर कथेचं कडबोळं होईल. कुणाचं घ्यायचं हे ठरवायची काही रीत आहे का?

शाईचा_डाग
दोन-तीन दिवस कथेला हात लावू नका. मग प्रत्येक अभिप्राय फोडून दोन रकान्यांत लिहा: वाचक कुठे अडखळला, आणि त्याने सुचवलेला उपाय. पहिला रकाना सहसा खरा असतो. दुसऱ्यात बरेचदा त्याच्या डोक्यातली, म्हणजे त्याने लिहिली असती तशी कथा असते.

बहिणीबाबतची दोन मतं मला परस्परविरोधी वाटत नाहीत. पात्र ठसठशीत आहे, पण कथेत तिला काम नाही, असं दिसतंय. ती नसती तर नायिकेचा कुठला निर्णय बदलला असता? उत्तर सापडत नसेल तर तिला काढण्याआधी एक निर्णय तिच्यामुळे घडवून पाहा.

शेवट पटत नाही तेव्हा बहुतेक लेखक शेवटचं पानच पुन्हापुन्हा लिहीत बसतात. दोष बऱ्याचदा मधल्या भागात असतो: पात्र ज्या टोकाला जातं त्याची चाहूल आधी लागलेली नसते. आधीच्या प्रसंगांत दोन ठिकाणी ती पेरा, मग शेवटाकडे बघा.

पूर्णविराम
वरच्याशी सहमत, पण मतं मोजून निर्णय घेऊ नका. एकट्याच वाचकाने दाखवलेली कालक्रमातली चूक ही चूकच.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी रचना, मग प्रसंग, वाक्यं सगळ्यांत शेवटी. नाहीतर घासूनपुसून लख्ख केलेला परिच्छेद पुढे कापवत नाही. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहा: कुणाला काय हवंय, आडवं काय येतं, शेवटी काय बदललं. काहीच बदलत नसेल तर तो प्रसंग शेजारच्यात मिसळा किंवा काढा. काढलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे कात्री चालवताना हात थरथरत नाही. सुरुवातीसाठी, पहिला बदल कितव्या शब्दाला येतो ते मोजा. तो ९०० च्या पुढे असेल तर त्याआधीची माहिती पुढे वाटून टाका.

वाक्यांवर आलात की मोठ्याने वाचा. आपल्याकडे हमखास सापडणारे दोष: ओळीने पाच वाक्यं ‘होता-होती’ने संपणं, आणि निवेदनात ‘केले’ व ‘केलं’ची सरमिसळ. गतकाळातला प्रसंग असेल तर पहिली एक-दोन क्रियापदं ‘आली होती, बसली होती’ अशी ठेवा. वाचक मागे गेला की पुढे साधं ‘उठली, म्हणाली’ पुरतं.

कच्चा_खर्डा
मोजलं. पहिला बदल ११५० ला! तिसरा खर्डा याच पाच जणांना द्यावा का?

शाईचा_डाग
त्यांतल्या एकाला, आणि दोन कोऱ्या वाचकांना. जुना वाचक कथा वाचत नाही, आपली सूचना मानली का ते शोधतो. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा विचारा: कुठे ओळी गाळल्या? कुठे मागे जाऊन वाचावं लागलं? मध्यावर पुढे काय होईल असं वाटत होतं? ते बोलत असताना ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे तोंडातून निघू देऊ नका. एकदा तुमचं स्पष्टीकरण ऐकलं की तो वाचक त्या जागेपुरता निकामी झाला.

पूर्णविराम
आणि पाठवण्याआधी फाइलच्या नावात तारीख घाला. दोघं दोन वेगळे खर्डे वाचून भांडतात तेव्हा फार वेळ जातो.