प्रतिसाद: चल ताऱ्यांची नावे 'आर'पासून का?

वर मृग नक्षत्रातल्या काक्षी (बीटलजूस) आणि राजन्य (रायजेल) या ताऱ्यांना मिळालेल्या अल्फा-बीटा या ग्रीक अक्षरांची चर्चा झाली आहेच, पण चल ताऱ्यांची (ज्यांची तेजस्विता कमी-जास्त होते अशा ताऱ्यांची) नावे थेट 'आर'पासून का सुरू होतात, हा मधला प्रश्न तसाच राहिला.

जर्मनीच्या योहान बायरने 1603च्या तारानकाशात प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली आणि ती संपल्यावर रोमन अक्षरे वापरली, पण मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत कुठल्याच तारकासमूहात तो 'क्यू'च्या पुढे गेला नाही. एकोणिसाव्या शतकात आर्गेलांडर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने चल ताऱ्यांसाठी ती उरलेली, आर ते झेड ही नऊ अक्षरे घेतली. त्या काळी ज्ञात चल तारे इतके थोडे होते की नऊ म्हणजे चैन वाटली असणार!

ती पुरेनात. मग आरआर ते आरझेड, एसएस ते एसझेड असे करत झेडझेडपर्यंत. तेही संपल्यावर एए ते क्यूझेड, त्यात 'आय'शी घोळ नको म्हणून 'जे' वगळलेला. अशी एका तारकासमूहात 334 नावे झाली आणि पुढचा तारा सरळ व्ही335. धनु राशीत तर हा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला आहे. माझ्या मते आकडे पहिल्यापासूनच द्यायला हवे होते.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्याला आधीच ग्रीक अक्षर आहे त्याला हे नवे नाव मिळत नाही. म्हणून डेल्टा सेफाय (वृषपर्वा तारकासमूहातला तारा) आणि खुद्द काक्षी चल असूनही या यादीत आर-एस लावून सापडणार नाहीत.