पोलोनियमचं ‘उत्सर्जन’ की ‘गळती’?

प्रश्न : वितळलेल्या शिसे-बिस्मथ या मिश्रधातूवर प्रोटॉनचा झोत आदळला की त्यात किरणोत्सारी द्रव्यं तयार होतात, त्यातली काही धातूबाहेर येतात. या बाहेर येण्याला काय म्हणावं? मी ‘पोलोनियमचं उत्सर्जन’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘गळती’ केलंय.

उत्तर : माझ्या मते दोन्ही बदला. पोलोनियमच्या अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडतो, ते उत्सर्जन. अख्खा अणूच द्रवातून उठून वरच्या वायूत गेला तर ती निराळी घटना. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला किरणं आली की पदार्थ आला, हेच कळणार नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे : किरणांना भिंत अडवते, वायूला गाळणी लागते. ‘गळती’ म्हणजे भांडं फुटलं, सांधा सैल झाला. इथे भांडं शाबूत असतं.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतला २००६ चा मेगापाय प्रयोग घ्या. लक्ष्य, म्हणजे झोत ज्यावर आदळतो तो धातू, शिसे-बिस्मथचं, १२५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारं. प्रोटॉनच्या माऱ्याने सुटलेला न्यूट्रॉन बिस्मथ-२०९ ने गिळला की बिस्मथ-२१० होतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) ५ दिवस. त्यातून पोलोनियम-२१०, अर्धायुष्य १३८ दिवस. भीती याचीच. पण विरघळलेल्या पोलोनियमला शिसं धरून ठेवतं, त्यामुळे लक्ष्याच्या तापमानाला ते फारच थोडं वर येतं. झेनॉन, क्रिप्टॉन यांचं तसं नाही, ते धातूत टिकतच नाहीत. शिशाची अणुकेंद्रं फुटून तयार झालेला पाराही वाफ होऊन वरच्या वायूत जातो.

म्हणून एकूण प्रक्रियेला ‘मुक्त होणे’ म्हणा आणि एकेका द्रव्यापाशी नेमकं क्रियापद ठेवा : झेनॉन सुटतो, पारा उडतो, पोलोनियम बहुतांशी धातूतच राहतं. तुमच्या वाक्यात पोलोनियमच कर्ता असल्याने ‘अत्यल्प प्रमाणात मुक्त होतं’ एवढं लिहिलंत की पुरे.

दुसऱ्या वाचकाची शंका : आणि लक्ष्यात तयार होणाऱ्या या द्रव्यांना ‘उपउत्पादन’ म्हणायचं का? ‘किरणोत्सारी कचरा’ जास्त सोपं नाही का?

उत्तर : सोपं आहे, पण सगळीकडे खरं नाही. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचं लक्ष्य आहे, तिथे हवे असतात ते न्यूट्रॉन. झेनॉन नकोसा, तो वायुशुद्धीकरणात कोळशावर अडवतात. तिथे ‘उपउत्पादन’ चपखल बसतं. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या आयसोल्ड या प्रयोग-केंद्रात मात्र वितळलेल्या शिशातून उडणारी पाऱ्याची समस्थानिकंच (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) हवी असतात. ती पकडून, आयनीभूत करून त्यांचा झोत बनवतात. तिथे तेच उत्पादन, आणि अल्पायुषी समस्थानिक धातूतून लवकर सुटलं नाही तर प्रयोगाआधीच त्याचा ऱ्हास होतो. या ठिकाणी ‘गळती’ लिहिलं तर अर्थ पार उलटा होईल. संपादकांना हे उदाहरण जरूर दाखवा.