'बिघडलेली' की 'बिघडत चाललेली'? हार्ड डिस्कच्या शब्दांविषयी

प्रश्न

घरगुती संगणक वापरणाऱ्यांसाठी मी मराठीत एक छोटी माहितीपुस्तिका लिहीत आहे. संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो, फाइल उघडताना मधेच थिजतो आणि हार्ड डिस्कच खराब होऊ लागली आहे की काय अशी शंका येते, तेव्हा काय तपासावे, हा तिच्यातील एका प्रकरणाचा विषय आहे. इंग्रजीत अशा डिस्कला 'फेलिंग' म्हणतात. 'बिघडलेली हार्ड डिस्क' असे लिहिले तर ती बंदच पडली आहे असे वाटते आणि 'नादुरुस्त' या शब्दाचीही तीच अडचण आहे. बोलताना तर 'गेली', 'उडाली', 'करप्ट झाली', 'क्रॅश झाली' हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांत अर्थभेद करावा का, आणि अजून चालू असलेल्या पण भरवसा न उरलेल्या डिस्कला नेमके काय म्हणावे?

प्रतिसाद १

अर्थभेद जरूर करावा, कारण कोणता शब्द कानावर पडतो यावरून दुरुस्त करणारा पुढचे पाऊल ठरवत असतो. 'करप्ट' होते ती फाइल किंवा फाइलींची मांडणी. अचानक वीज गेल्यामुळेही असे होऊ शकते आणि तेव्हा डिस्कचे यंत्र शाबूत असते. 'हेड क्रॅश' या मूळ प्रयोगात शीर्ष, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, फिरत्या तबकडीवर आदळणे अभिप्रेत आहे. वाचताना या दोहोंमधले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते, त्यामुळे अशी धडक पृष्ठभाग खरवडून टाकते. आता मात्र एखादा प्रोग्राम बंद पडला तरी आपण 'क्रॅश' म्हणतो, आणि ते आता बदलणार नाही.

माझ्या मते सर्वांत घातक शब्द 'उडणे' हा आहे. फ्यूज उडतो तेव्हा वस्तू निकामी होते, रंग उडतो तेव्हा तो नाहीसा होतो, आणि 'विंडोज उडाली' म्हणणाऱ्याला यांपैकी काय म्हणायचे आहे ते त्यालाही ठाऊक नसते. ऐकणारा त्याच डिस्कवर विंडोज पुन्हा बसवून देतो. दोष यंत्रातच असला तर काही दिवसांत तक्रार परत येते, आणि दरम्यान जुन्या फाइलींवर नवे लिखाण झालेले असते.

मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल, तर नामाआधी एकच विशेषण शोधण्याचा हट्ट आपण सोडावा. ही अवस्था सांगण्याचे काम मराठीत सहायक क्रियापद करते. 'बिघडत चालली आहे' यात क्रिया सुरू आहे, वाढत आहे आणि पूर्ण झालेली नाही, हे तिन्ही येते.

प्रतिसाद २

'घरघर लागलेली डिस्क' का नको? एखाद्या संस्थेला किंवा धंद्याला घरघर लागली असे आपण लिहितोच. शेवट जवळ आला आहे पण जीव गेलेला नाही, ही छटा त्यात नेमकी आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

अलंकार म्हणून शब्द सुरेख आहे, पण जिथे वाचकाला खरोखरच कान देऊन आवाज ऐकायचा आहे तिथे तो चकवा देईल. तबकडी फिरण्याची संथ घरघर हा निरोगी डिस्कचाही आवाज आहे. काळजी करायला लावते ती ठरावीक अंतराने येणारी 'टक्... टक्...'. शीर्षाला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते, तेव्हा बहुधा असा आवाज येतो. अशा वेळी डिस्क चालू ठेवणेही योग्य नाही. शिवाय एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने ती बिघडताना घरघरही ऐकू येत नाही आणि टकटकही.

प्रतिसाद ३

डिस्क आपल्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते, म्हणजे 'स्मार्ट' नोंदी, त्यांच्या नावांचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. क्रमांक ५ ची नोंद 'रिॲलोकेटेड' सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची, असते. तिला 'पुनर्वाटप' म्हटले की जमिनीची आठवण होते. खराब जागेऐवजी राखीव जागा कामाला लावलेली असते, म्हणून 'बदली कामगार' या धर्तीवर 'बदली सेक्टर' म्हणावे. क्रमांक १९७ च्या 'पेंडिंग' ला 'प्रलंबित' हा शब्द कचेरीतला वाटतो. मी 'संशयित' सुचवतो. हे सेक्टर वाचता आलेले नसतात, पण त्यांवर पुन्हा लिहिले असता ते ठीक निघू शकतात आणि मग संख्या घटते, म्हणजे संशयिताची निर्दोष सुटका होते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा सेक्टरांसाठी परिवीक्षेचा, म्हणजे 'प्रोबेशन' चा शब्द वापरला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार ठळक निर्देशकांपैकी एकाचीही नोंद नव्हती, असे त्यातच आढळले होते. तेव्हा या नोंदी स्वच्छ असल्या तरी 'डिस्क निर्दोष आहे' असे लिहू नये. 'दोषाची नोंद आढळली नाही' असे लिहावे.

क्रमांक १९९ ची नोंद डिस्क आणि संगणक यांच्यात माहिती जाता-येता झालेल्या चुकांची असते. तिची संख्या वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्यावा. तिथे 'डिस्क बिघडत चालली आहे' हे वाक्यच चुकीचे ठरेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. शीर्षक 'हार्ड डिस्क बिघडत चालली असेल तर' असे ठेवतो आणि 'बदली' व 'संशयित' हे दोन्ही शब्द घेतो. चेकडिस्क या विंडोजमधील तपासणीच्या साधनाबाबत मात्र माझ्याच मसुद्यातील एक चूक आता लक्षात आली. तिथे मी 'डिस्कची दुरुस्ती करा' असे लिहिले होते. ते साधन दुरुस्त करते फाइलींच्या मांडणीला. झिजलेल्या यंत्राला ते बरे करत नाही, उलट सगळी डिस्क वाचायला लावून आणि तिच्यावर लिहून ते मोडकळीला आलेल्या यंत्रावर ताणच आणते. म्हणून प्रकरणाचे पहिले वाक्य आता असे असेल: 'आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती प्रत उघडून पाहिल्यानंतरच तपासणी सुरू करा.'

प्रतिसाद २

'प्रत' हा शब्द चांगला आहे, पण तिथे 'बॅकअप' हा शब्दही एकदा द्यावा, कारण संगणकाच्या पडद्यावर वाचक तोच शोधणार आहे.